पाठ टेकलेला शिपाई

काकीच्या शेजारच्या विमलचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरच्या बाजारात वांगी निवडत होते. "बाई, हौसाकाकी गेली," एवढंच ती म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. मी हातातलं वांगं परत ढिगावर ठेवलं आणि तशीच स्टँडवर गेले. बस लगेच मिळाली, खिडकीची जागाही मिळाली, पण रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि आमची गाडी त्यांच्या मागे रखडत चाललेली. काकीचं वय झालं होतं. शेवटची भेटले तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती, तेव्हा बातमी कधीतरी येणार हे ठाऊक होतं. तरीही मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. काकीची एकच इच्छा उरली होती. पेठेतल्या वाचनालयात लढाईचं एक मोठं चित्र आहे, त्यात ती आहे, आणि तिथे तिला कुणीतरी ओळखावं एवढंच तिला हवं होतं. कुणी न सांगता, नुसतं आपल्या डोळ्यांनी बघून. दुसरं काही तिनं मागितलं नाही, आणि तेवढंही राहून गेलं… असं मी हातकणंगल्यापर्यंत मनाशी घोकत राहिले.

मी मूळची चंदगडकडची. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आले आणि मंगळवार पेठेत काका-काकींच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन दारात उभी होते, घर हेच की पुढचं ते कळेना. आतून आवाज आला, "काय पावणं, उन्हात हुबं ऱ्हाऊन वाळायचं हाय व्हय? आत या की." ही आमची ओळख. दुसऱ्या दिवसापासून मी 'बाई' झाले ती शेवटपर्यंत. काकी अस्सल कोल्हापूरची, बाई असूनही 'मी जातो, मी येतो' असं बोलणारी, आणि आवाज असा खणखणीत की गल्लीच्या टोकाला गेलेल्या दूधवाल्याला ती उंबऱ्यातूनच झापायची. घरात मूलबाळ नव्हतं. एवढा मोठा आवाज त्या घरात कुणासाठी, असं मला सुरुवातीला वाटायचं. नंतर कळलं की उत्तर येणार नाही हे माहीत असलं की माणूस जरा जास्तच मोठ्यानं बोलतो.

उत्तर न देणारे म्हणजे काका. ते सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. थिएटरवर घराएवढा नायक आणि तेवढीच नायिका, सगळं त्यांच्या हातचं. एखाद्या नटीचा टिचभर फोटो घेऊन ते तासन्‌तास बघत बसायचे आणि मग म्हणायचे, हिची डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे. तेच काका, काकी नवं लुगडं नेसून समोर उभी राहिली तर "चहा ठेवलास?" असं विचारायचे. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, शिवीगाळ नाही, हात उगारणं तर नाहीच. त्यांना काकी दिसायची नाही, एवढंच. दोघं जेवायला समोरासमोर बसायचे आणि काका तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत जेवायचे. मी त्या घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

ते चित्र मी यायच्या आधीच तयार होऊन वाचनालयाच्या सभागृहात लागलेलं होतं. विषय असा, की पन्हाळ्याच्या पायथ्याला शिलाहार आणि यादव यांची लढाई जुंपली आहे. कॅनव्हास भिंतभर. वर काळपट आभाळ, त्याखाली गडाची कड, डावीकडून उधळत आलेले घोडे, ढाली, भाले, धूळ, आणि बरोबर मधोमध तलवार उगारलेला एक दांडगा योद्धा. त्याच्या पायाशी एक कोवळा शिपाई उताणा पडलेला, डावा हात बाजूला, तळवा आभाळाकडे, बोटं अर्धवट मिटलेली. योद्ध्याचा उजवा पाय त्याच्या केसांना लागेल इतका जवळ. चित्रातला सगळा उजेड त्या दोघांवर पडलेला. दारातून आत आलं की पहिल्यांदा डोळा तिथेच जातो, आणि मग घोडे वगैरे दिसतात.

इतिहासाची बाई म्हणून मला त्यात पहिल्याच दिवशी चुकाच चुका दिसल्या होत्या. चिलखतं सिनेमाच्या स्टुडिओतून मागून आणलेली, त्यामुळे यादवांच्या अंगावर त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी आलेला पोशाख. घोडे टांग्याचे. एवढ्या कापाकापीतही ते बिचारे नाकासमोर बघतात, कारण त्यांना झापडं लावून उभं राहायची सवय. एका सैनिकाच्या मनगटावर घड्याळ काढल्यावर उरतो तसला गोरा पट्टा आहे, तोसुद्धा काकांनी इमानानं रंगवला. जे समोर दिसतं ते काढायचं, मनचं काही घालायचं नाही, हा त्यांचा कायदा. सैनिक म्हणून समोर उभे केले ते पेठेतल्या तालमीतले पैलवान. म्हणून दोन्ही सैन्यांतल्या झाडून सगळ्यांचे कान चुरगळलेले आहेत, कुस्तीत मोडतात तसे. एका पाहुण्या वक्त्यानं यावर सांगितलं होतं, की दोन्ही बाजूंचे कान सारखेच दाखवून चित्रकारानं शत्रूसुद्धा आपला भाऊच असल्याचं सुचवलं आहे. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत काकी पदर तोंडाला लावून हसत होती.

पण खरी गंमत पडलेल्या माणसांची आहे. त्या चित्रात मेलेले पुष्कळ आहेत, आणि ते सगळे पालथे नाहीतर कुशीवर. उताणा कुणी नाही, तो मधला शिपाई सोडून. मी दर वर्षी मुलींना घेऊन तिथे जायची आणि छातीठोकपणे सांगायची, की आपल्या मातीला कवटाळून मरणारे हे वीर आहेत, बघा. खरं कारण काकीनं पुढे मला सांगितलं. काकांनी पैलवानांना मेल्यासारखं उताणं झोपायला सांगितलं तर एकही तयार होईना. पैलवानाची पाठ मातीला लागली म्हणजे कुस्ती गेली. तालमीत ज्यानं वर्षानुवर्षं पाठ सांभाळली तो चित्रात, तेही कायमची, सगळ्या गावानं बघावी म्हणून पाठ टेकवेल? "पेंटर, पालथं मारा, कुशीवर मारा, मुंडकं उडवा," असं ईश्वरा पैलवान म्हणाला म्हणे, "पर पाठ टेकणार न्हाई." मधला तलवारवाला योद्धा तो हाच ईश्वरा. काकांनी त्याला खूप समजावलं, पण तालमीच्या वस्तादानंही नाहीच म्हटलं आणि विषय मिटला. आता चित्राचा सगळा तोल त्या उताण्या शिपायावर होता. तो नसता तर ईश्वराची तलवार नुसती हवेत राहिली असती. आणि मनचं काही काढायचं नाही, हा कायदा…

मला हे कळलं ते काका गेल्यानंतर. त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास वाचनालयानं पुण्याहून एका जाणकाराला बोलावून त्या चित्रावर व्याख्यान ठेवलं. गृहस्थ चांगले बोलले. शेवटी त्या उताण्या शिपायापाशी आले आणि म्हणाले, या चेहऱ्यावर वेदना नाही, भीती नाही, मरण समजून घेणाऱ्या माणसाची ही एकाग्रता आहे. माझ्या अंगावर काटा आला. घरी परतताना मी काकीला तसं म्हणाले. ती गल्लीत वळली. मग म्हणाली, "बाई, मरण कसलं. शेगडीवर डाळ ठिवलेली. करपल्याचा वास येतोय का बघत हुतो मी."

मी गल्लीतच थांबले. "तू?"

"मीच की. मग काय झोपायला गावचा पाटील आलता?"

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. पैलवान आपापलं काम आटोपून गेले, आणि एका दुपारी काका तिला म्हणाले, जरा पाठीवर पड. मागच्या सोप्यात, म्हणजे पडवीत, पोतं अंथरलं, तिच्या अंगावर पत्र्याचं चिलखत घातलं, कपाळाचं कुंकू पुसायला लावलं. ते पुसताना तिचा हात अडला, तेव्हा काका म्हणाले, मी समोर बसलोय, तुला कसलं भ्या. केस मोकळे केले. त्या लढाईच्या काळचे पुरुष केस वाढवत आणि कानही टोचत, त्यामुळे टोचलेले कान झाकायची गरज नव्हती. पुढे कितीतरी दुपारी ती तशी पडून राहिली. पाठीला मुंग्या येत, खऱ्या मुंग्याही चावत. पैलवानांना कळलं तर आपल्या पायाशी बाई झोपवली म्हणून बिथरतील, वाचनालयातले म्हातारे नाकं मुरडतील, म्हणून कुणाला सांगायचं नाही असं काकांनी बजावलेलं. तिनं ते काका असेपर्यंत पाळलं.

"लई तरास झाला असेल," मी म्हणाले. इतक्या वर्षांत माझीही जीभ तिच्यासारखी वळायला लागली होती.

"तरास?" ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. "बाई, त्या दिसांत त्यांनी मला बघितलं. कपाळ बघितलं, हनुवटी बघितली, गळ्याखालचा तीळ बघितला. रोज बघत हुते. एकदा उठून आले, माझा हात नीट ठिवला आणि म्हणाले, तुझी बोटं चांगली हायत. लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा." तिनं आपली बोटं पदरावर पसरून बघितली. "मी मेल्याचं सोंग घेतलेलं, हालायची सोय न्हाई. न्हाईतर रडलो असतो."

"आणि चित्र झाल्यावर?"

"झाल्यावर काय… ऊठ म्हणाले. उठलो."

चित्र लागलं त्या दिवशी सारी पेठ वाचनालयात लोटली होती. पैलवान आपापल्याला शोधत होते, हा मी, तो मी, माझी मांडी बघ की कशी काढलीय, असा गलका चाललेला. ईश्वराला तर लोकांनी खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं. काकी बायकांमध्ये मागे उभी होती. तिला वाटलं, काका गर्दीतून एकदा तरी आपल्याकडे बघतील. नुसतं बघतील, कुणाला कळणारही नाही. काका रंग वाळला की नाही ते बघत होते. घरी येऊन दोघांनी आमटी-भात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी ते नव्या सिनेमाच्या बोर्डाला लागले. हे सांगताना ती हसत होती आणि मला मात्र काकांचा असा संताप आला, की भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे त्या रात्री मी पाठ करून बसले.

मी म्हणाले, मी उद्याच समितीला सांगते. चित्राच्या कडेला माहितीची पाटी लावायचं चाललंच आहे, तिच्यावर तुझं नाव येऊ दे. काकीनं माझं मनगट धरलं. "सांगायचं न्हाई. सांगितल्यावर कुणालाबी दिसतंय. ह्यांना न सांगता दिसलं हुतं, तसं अजून एकदा कुणाला तरी दिसू दे. मग मेलो तर चालंल." आणि मग मला चिडवायला म्हणाली, "तू बी वळखलं न्हाईस. आता तुला सांगितलं, तू बाद."

त्यानंतर आमचा दोघींचा एक खेळच सुरू झाला, आणि त्या खेळाइतकं एकटं काही मी पाहिलेलं नाही. काकी संध्याकाळी सभागृहात जायची आणि चित्राच्या कडेला, भिंतीलगतच्या बाकावर बसायची. चित्राकडे ती बघायचीच नाही. बघणाऱ्यांची तोंडं बघायची. कुणाची नजर मधल्या शिपायावर थांबली की ही ताठ व्हायची, पदर नीट करायची, आणि तो माणूस पुढे घोड्यांकडे वळला की पुन्हा सैल बसायची. शाळेतून मी मुलींना नेई तेव्हा ती हटकून हजर. एकदा एक बारकी पोरगी चित्रात नाक खुपसून म्हणाली, "बाई, ह्याचा कान मोडलेला न्हाई. आणि भोक बी हाय." मी काकीकडे बघितलं. काकी तर बाकावरून अर्धी उठली. पोरगी तिच्याकडे वळली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "आज्जी, सरका की, मला बसायचंय." काकीनं तिला जागा दिली, पदराच्या गाठीतली खडीसाखर दिली, आणि घरी जाईस्तोवर आम्ही दोघी हसत होतो. दुसऱ्या खेपेला तिची सख्खी बहीण शाहूवाडीहून आली होती. काकीनं तिला मुद्दाम नेऊन चित्रासमोर उभं केलं. बहीण बराच वेळ त्या शिपायाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आक्का, ह्यो आपल्या दादासारखा दिसतोय न्हवं?" आणि डोळे पुसायला लागली, कारण दादा तरुणपणीच गेलेला. त्या दिवशी काकी हसली नाही. "दादासारखाच दिसतोय," एवढंच म्हणाली. रात्री ती जेवली नाही, आणि मी खोदून विचारलंही नाही.

वर्षं गेली. मी निवृत्त झाले, जयसिंगपुरात एक छोटं घर घेतलं, महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिले. काकांचे बोर्ड कधीच बंद पडले होते, थिएटरंही पडली. चित्रातला शिपाई तसाच कोवळा राहिला आणि काकीचे गाल बसले, केस विरळ झाले, कानाची भोकं ओघळून लांब झाली. एका चेहऱ्यावरून दुसरा ओळखायचा तर त्या दोन चेहऱ्यांत काही तरी सारखं उरायला हवं. दर खेपेला मी दोन्हीकडे बघायची आणि दर खेपेला आशा कमी व्हायची. हे तिलाही कळत होतं. शेवटच्या भेटीत तिला वाचनालयाचा जिना चढवेना, म्हणून मीच वर जाऊन चित्र बघून आले. ती खाली पायरीवर बसून होती. "कोण हुतं का वर?" तिनं विचारलं. कुणी नव्हतं. पंखे बंद होते, खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. "दोन पोरं होती, बघत होती," मी खोटंच सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "आता कोण वळखतंय, बाई. आता आरशात मीच मला वळखत न्हाई." मग माझा हात धरून उठली आणि वाटभर विमलच्या सुनेच्या तक्रारी सांगत राहिली.

असा सगळा प्रवास त्या बसमध्ये माझ्या डोक्यात झाला. घरी पोचले तेव्हा दारात चपला होत्या, पण फार नव्हत्या. विमलनं मला आत नेलं. काकीला सोप्यातच खाली ठेवलं होतं, घोंगडीवर. आंघोळ घालायची अजून बाकी होती. पांढरे केस मोकळे पसरलेले, कपाळ मोकळं, तोंडावर सुरकुत्या होत्या त्या कुठे गेल्या कोण जाणे. आजार असा काही नव्हताच, दुपारी पडली ती उठली नाही. अंगावरच्या चादरीतून तिचा डावा हात बाहेर आला होता, तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली. मी तिच्या उशाशी बसले. मला रडू येत नव्हतं. चित्र मला आठवलंही नाही, खरं सांगते. इतकी वर्षं मी दोन्ही तोंडं शेजारी ठेवून बघत आले आणि त्या दिवशी मला फक्त काकी दिसत होती.

थोड्या वेळानं ईश्वरा पैलवान आला. त्या चित्रातल्या पैलवानांपैकी आता तेवढाच उरला आहे. गुडघे गेलेले, दोन्ही हातांत काठ्या, तरी छाती अजून तशीच. कुणीतरी खुर्ची दिली ती त्यानं नको म्हटली आणि काकीच्या डोक्याशी, माझ्या बाजूला उभा राहिला. हात जोडले. आणि मग तो वाकला. आधी मला वाटलं पडतोय. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, मग हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे. बराच वेळ गेला. बायका आपसात बोलायच्या थांबल्या.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "वैनीस्नी मी आसं झोपलेलं बघितलंय."

मी कसंबसं विचारलं, "कुठं?"

तो आठवत राहिला. मग त्यानं काठी सोडून आपल्याच पायाजवळची जमीन हातानं दाखवली. "माझ्या पायाशी," तो म्हणाला. "वाचनालयात. त्यो शिपाई."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी हो म्हणाले की नाही तेही आठवत नाही. मी खाली वाकून काकीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "काकी, वळखलं गं." आणि मग जे रडू आलं ते विमलनं धरून बाहेर नेईपर्यंत थांबलं नाही. मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, की काकांनी तिला मेलेली म्हणूनच काढलं होतं, त्यामुळे ती जिवंत असेतो, बाकावर बसून हसत-बोलत असेतो, त्या शिपायासारखी दिसणारच नव्हती. तिनं इतकी वर्षं वाट बघितली त्यात ओळखणाऱ्यांची चूक नव्हती. आणि दुसरी, की ही बातमी घेऊन धावत जावं असं माझं या गावात एकच घर होतं, आणि मी त्याच घरात बसले होते.

त्या दिवशी ईश्वराशी पुढे बोलणं झालं नाही. तिकडे स्मशानात तो रिक्षातून आला, लांब बसून राहिला. बाराव्यानंतर मात्र त्यानं विमलकडून निरोप धाडला, बाईंनी मला एकदा वाचनालयात न्यावं. मी गेले. वाचनालयाचा चपराशी आणि मी, दोघांनी मिळून त्याला जिना चढवला. चढताना मी त्याला डाळीपासून सगळं सांगितलं. तो धापा टाकत ऐकत होता. "आमी न्हाई म्हटलं म्हणून त्या झोपल्या," तो म्हणाला, ते विचारल्यासारखंही नव्हतं. मी हो म्हणाले. "पेंटरनं माझ्या पायाशी पोत्याची गुंडाळी ठिवली हुती. म्हणाला, हितं मेलेला माणूस हाय आसं समज आणि पाय रोव. मला वाटायचं, त्या पोत्यावरनंच काढला आसंल."

सभागृहात आम्ही दोघंच. मी दिवे लावले. दर दसऱ्याला हा माणूस इथे येऊन आपली तलवार, आपला दंड बघून जायचा, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी त्यानं वर बघितलंच नाही. चित्राच्या खालच्या भागाकडे तो बघत राहिला, जिथे काकीचे केस धुळीत पसरलेत आणि त्यांच्या शेवटच्या बटेला लागून त्याचा तो तरुण, रग्गड पाय घट्ट रोवलेला आहे. बाईमाणसाच्या डोक्याला पाय. मी म्हणाले, "पैलवान, तुम्हांला कुठं माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पर एवढ्या जवळ न्हाई ठेवायला पायजे हुता," तो म्हणाला, आणि काठ्यांवर भार देऊन त्यानं आपला उजवा पाय फरशीवरून हळूहळू मागे घेतला.